तुम्ही विचारलंत म्हणून : पंपाची सवय लागते का?

"मालक, पंप एकदा लागला की मरेपर्यंत सुटत नाही म्हणतात. खरं का?"

सोलापूरहून विजापूर रस्त्याला लागलं की मंद्रूपच्या आसपास जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात माझं मेडिकल आहे. पंप म्हणजे दम लागणाऱ्यानं तोंडानं औषध ओढायचं इनहेलर. शहरातल्या डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवून, आवाज खाली आणून हा प्रश्न विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा पेशंट नसतोच. मुलगा असतो, सून असते, कधी जावई. पेशंट बाहेर मोटरसायकलला टेकून धापा टाकत असतो. मी "हो, त्यापेक्षा गोळ्याच बऱ्या" म्हणावं अशी सगळ्यांची मनातून इच्छा असते. तसं मी म्हणत नाही, आणि मागे चार गिऱ्हाईकं उभी असताना नीट उत्तरही देता येत नाही. ते आज देतो.

सवय लागते ती तंबाखूची आणि मिश्रीची. पंपाची तलफ येत नाही. तो सुटेल की नाही हे आजार कोणता आहे त्यावर ठरतं. दम्यात श्वासनळ्या सुजतात, आवळतात आणि औषधानं पुन्हा मोकळ्या होतात. काही महिने आजार ताब्यात राहिला तर डॉक्टर स्वतःच डोस उतरवत नेतात. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचं, तसं नाही. वर्षानुवर्षं धूर खाऊन नळ्या अरुंद झालेल्या असतात, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटलेल्या असतात. गेलं ते परत येत नाही. उरलेल्या श्वासावर माणसाला परसदारापर्यंत, जमलं तर शेतापर्यंत चालता यावं म्हणून पंप असतो. तो सुटत नाही, कारण आजार सुटत नाही. बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला "गोळी लागली हो याला" असं कुणी हळहळून म्हणत नाही. पंपाच्या बाबतीत म्हणतात.

असं का म्हणतात, याचं माझ्यापुरतं उत्तर मला सापडलंय. आमच्याकडे पंप फार उशिरा येतो. आधी खोकल्याची बाटली. मग गोळ्या. मग दम लागला की सुई, आणि सुईनं दोन दिवस बरं वाटलं की पुढच्या आठवड्यात परत सुई. अशी वर्षं जातात. एका थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला, रात्री छाती भरते आणि आप्पांना सिव्हिलला न्यावं लागतं. तिथून ते पंप घेऊन येतात. तोवर फुप्फुसाचा बराच भाग निकामी झालेला असतो. पुढे दोन-चार वर्षांत आप्पा जातात, तेव्हा पंप उशाशी असतो. गावाला एवढंच दिसतं की पंप आला आणि माणूस गेला. नाव पंपाचं होतं.

खरं तर हे औषध म्हाताऱ्यांसाठी निघालंच नव्हतं. असा दाबून ओढायचा पंप अमेरिकेत १९५६ साली बाजारात आला. औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही, असं तिनं बापाला विचारलं, आणि त्यातून हे झालं म्हणतात. तेरा वर्षांच्या पोरीसाठी सुचलेली वस्तू आपण शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवली.

आता हिशोब बघा, हा मी पिशवीच्या पाठीवर लिहून दाखवतो. साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याची मोठी गोळी ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांइतकं औषध. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळीकडे फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे हवं तिथे थोडंसं जातं आणि काही मिनिटांत काम करतं. हे दाखवल्यावर लोक गप्प होतात. मग हमखास दुसरा प्रश्न येतो, "पण त्यात स्टेरॉइड असतं ना?" काही पंपांत असतं, मायक्रोग्रॅममध्ये, आणि कुणाला ते द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकायचं, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. ज्या सुईनं दोन दिवस "एकदम मोकळं" वाटतं, तिच्यातही बऱ्याचदा स्टेरॉइडच असतं, आणि ते मिलिग्रॅममध्ये. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सुईची सवय लागते का, हे मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

"आमची आई विडी ओढत नाही, तिला कसं काय झालं?" हेही ऐकतो. आई चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेली असते. सोलापूरची कडक भाकरी सगळ्यांना आवडते, शेंगाचटणीबरोबर पुण्या-मुंबईला पार्सल जाते. त्या भाकऱ्या थापून विकणाऱ्या कितीतरी बायका सकाळी चार-पाच तास जाळापुढे असतात. मिश्री भाजतानाचा धूर वेगळा. बापे विड्या ओढतात. उसाचं पाचट पेटवलं की गावभर काजळी उतरते, मळणीला ज्वारीचा भुसा उडतो. कुणाला पूर्वी टीबी होऊन गेलेला असतो. तो बरा होतो, पण फुप्फुसावर वण राहतात आणि पुढे दम लागतो. देशात २०१६ साली साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी असल्याचा अंदाज होता, १९९० साली तो पावणेतीन कोटींच्या आसपास होता. एवढ्या लोकांतले किती जण फुंकून तपासायच्या यंत्रापर्यंत पोहोचतात? आमच्या भागात त्यासाठी शहर गाठावं लागतं, आणि एक दिवसाचा रोजगार बुडतो.

पण समजा पंप वेळेवर मिळाला, तरी निम्मं काम बाकी असतं. डॉक्टरांपुढे रांग असते, "हे दोनदा ओढायचं" एवढंच सांगून होतं. शिकवायचं कुणी? मला विचाराल तर गावाकडे पंप फसतो तो इथे, औषध कमी पडतं म्हणून नव्हे. कॅप्सूलमधली पूड ओढायचा पंप घेतलेल्यांनी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळलेली मी पाहिली आहे, तीही एकानं नव्हे. कॅप्सूल दिसली की गिळायची, हेच आपल्याला माहीत. त्यांचं काय चुकलं? ती यंत्रात घालायची, यंत्र फिरवायचं, आणि जोरात ओढायचं. आत खुळखुळ आवाज आला पाहिजे. दाबायच्या पंपाचं नेमकं उलटं. तो आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, दाबता दाबता सावकाश ओढायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. एकाची रीत दुसऱ्याला लावली की दोन्ही वाया. तोंडातून पांढरी वाफ बाहेर आली तर औषध हवेत गेलं समजा.

दात गेलेल्या आज्ज्यांना ओठ मिटणं जमत नाही, दाबणं आणि ओढणं एका वेळी तर नाहीच. त्यांच्यासाठी स्पेसर नावाची प्लास्टिकची पोकळ नळी मिळते. पंप एका टोकाला, तोंड दुसऱ्या टोकाला. औषध आत थांबतं, मग निवांत ओढायचं. ती नळी परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीला तळाशी पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडूनही काम भागतं. ही माझी गावठी युक्ती नाही. केपटाउनच्या डॉक्टरांनी दम्याचा झटका आलेल्या मुलांवर हे करून पाहिलं, १९९९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. बाटली विकतच्या नळीइतकीच चालली. फक्त भोकापाशी फट राहू देऊ नका. आणि स्पेसर असो की बाटली, साबणाच्या पाण्यातून काढून वाळू द्यायची. फडक्यानं आतून पुसलं की औषध भिंतीलाच चिकटतं.

संपला कसा ओळखायचा, हा रोजचा घोळ. काही पंपांवर आकडा दिसतो, काहींवर नाही. पाण्यात बुडवून बघायची पद्धत सोडून द्या. त्यावरून काही कळत नाही, उलट तोंड तुंबतं. रोजच्या वापराच्या पंपात बऱ्याचदा १२० दाब असतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे महिनाभर. तारीख वाचता न येणाऱ्यांना मी सांगतो, अमावस्येला सुरू केला तर पुढच्या अमावस्येला नवा न्यायचा. हे कुणी विसरत नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो तेव्हा पंप पत्र्याच्या खोलीत खिडकीत ठेवू नका. बायका माठाशेजारी ठेवतात, दाबायच्या पंपाला ते चालतं. कॅप्सूलला मात्र ओल लागता कामा नये.

पैशाचंही बोलू. लगेच आराम देणारा पंप दोनशे रुपयांच्या आतबाहेर येतो. रोज घ्यायचा, सूज आटोक्यात ठेवणारा पंप त्याच्या दुपटी-तिपटीला जातो, आणि त्यानं लगेच काही जाणवत नाही. साहजिकच लोक पहिला नेतात, दुसरा "पुढच्या महिन्यात" म्हणतात. दमा असलेल्यानं असं करणं धोक्याचं आहे. आराम देणारे दोनशे दाबांचे पंप वर्षाला तीन किंवा जास्त लागत असतील, तर दमा ताब्यात नाही असं समजून डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. महिन्याला एक संपवणाऱ्याच्या तर जिवाला धोका असतो. हे डॉक्टरांच्या आधी मला दिसतं, कारण खोके माझ्याकडून जातात. म्हणून मी टोकतो. काही जण रागावून दुसऱ्या मेडिकलला जातात, जाऊ देत.

आणि माझ्याकडे यायच्या आधी सरकारी दवाखान्यात विचारा. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या २०२२च्या यादीत हे पंप आहेत, दमा आणि सीओपीडी असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी कार्यक्रमात आहेत. साठा असला तर फुकट मिळेल. नसला तर जनऔषधीच्या स्वस्त औषधांच्या दुकानात बघा. माझा धंदा थोडा बुडेल, पण महिनोन्‌महिने चालणारं औषध परवडलं नाही तर ते बंदच पडतं, आणि मग माझ्याकडे तरी कोण येणार?

तरण्या मुलींचं वेगळंच दुखणं. लग्न ठरेपर्यंत पंप नको, असं आया सांगतात. मुलगी पंप लपवते, पदराआड भिंतीकडे तोंड करून घाईनं ओढते, आणि घाईत ते औषध जिभेवरच बसतं. अशा वेळी मी आईला बाजूला घेऊन एवढंच विचारतो की बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर धाप लागली तर काय सांगाल? उत्तर मिळत नाही, पण पंप नेतात.

राहिला हैदराबादचा प्रश्न. मृग लागला की नामपल्लीला जिवंत माशातून दम्याचं औषध देतात, शाकाहारी माणसाला गुळातून. सोलापुरातून रात्रीची गाडी धरून जाणारे पुष्कळ, आणि "जाऊ का मालक?" असं मला विचारून जातात. त्यानं दमा बरा होतो याला पुरावा नाही, हे मी सांगतो. तरी जाणारा जातोच. मग मी म्हणतो, जावा, पण रोजचा पंप एक दिवसही चुकवू नका, आणि आराम देणारा खिशात ठेवा, रांग मोठी असते. मागच्या मृगाला निघालेले एक अण्णा जाता जाता दुकानावर थांबले. म्हणाले, "दोन दे. एक माझा, एक शेजारच्याचा. त्याचा संपलाय, पण तो मासा खायचाच म्हणून बसलाय."