बार्बारानो, दिवस अकरावा

पहाटे गाडीत बसले तेव्हा डोळे उघडत नव्हते. दरीतून सान ज्युलिआनोच्या पठारावर चढेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. इथला जून आपल्या मे महिन्यालाही ऐकत नाही.

मी या उत्खननाला आले ती एट्रुस्कनांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी इथे नांदलेल्या लोकांच्या थडग्यांसाठी. रोमच्या वायव्येला, बार्बारानो रोमानोजवळच्या या पठाराच्या आजूबाजूला कड्यांत कोरलेली सहाशेहून जास्त थडगी आहेत. आणि माझ्या वाट्याला आला माथ्यावरच्या मध्ययुगीन वस्तीचा उकिरडा! अकरा दिवस डुकरांची हाडं, कोळसा, खापरं. आज थापीला एक गंजका खिळा लागला तर मी एवढी हरखले की शेजारच्या खड्ड्यातली मुलगी हसत सुटली.

उन्हामुळे दुपारी काम लवकर थांबलं, तेव्हा आम्ही चौघी खाली ‘हरणाचं थडगं’ बघायला उतरलो. पायऱ्यांच्या कडेच्या खडकात हरीण आणि त्याच्यासमोर लांडगा कोरलाय. वाट झाडीतून जाते, पाय घसरतो, डास फोडून काढतात.

तिथून आणखी एका थडग्यात वाकून शिरले आणि वर बघतच राहिले. छताला मधोमध आढं, दोन्हीकडे उतरतं छप्पर, सगळं दगडातच कोरलेलं. एकसंध खडकाला आढं हवं कशाला? थेट भाजे-कार्ले आठवलं. तिथेही लाकडी घराच्या सवयी दगडात उतरल्यात. फक्त आपला बेसाल्ट छिन्नीला दाद देत नाही, आणि इथला खडक म्हणजे ज्वालामुखीची घट्ट झालेली राख, त्यामानाने मऊ. जिवंतपणी हे लोक राहत ती माती-लाकडाची घरं गेली. ती दिसायची कशी, हे आता मेलेल्यांच्या घरावरून ताडायचं.

आत भिंतींलगत दगडी पलंग, मोकळे. जमिनीवर लेंड्या. बहुतेक थडगी केव्हाच लुटली गेली. म्हणून तर 2025 मध्ये इथे एक न फोडलेलं थडगं सापडलं तेव्हा जगभर बातमी झाली: ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातलं, आत चौघांचे सांगाडे आणि शंभराहून जास्त वस्तू. मला त्या थडग्याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण रिकाम्या पलंगाशेजारी उभं राहिल्यावर माझ्या उकिरड्याबद्दल जरा माया वाटायला लागली. तो लुटायला कोण येणार?

संध्याकाळी बादलीत टूथब्रशने हाडं धुतली. एका बरगडीवर सुरीचे तीन चरे, अगदी समांतर. चौथा भलतीकडेच गेलेला. सुरी घसरली असेल, किंवा मध्येच कुणी हाक मारली असेल. चिठ्ठीवर थराचा क्रमांक लिहिता लिहिता पेन संपलं. उद्या नवं मागून घ्यायचं.