लॅपटॉप झोपेतून उठत नाही, तेव्हा कर्नलला काय विचारायचं

झाकण उघडलं, स्क्रीन काळी, पंखा मात्र सुरू. लिनक्सवर असं झालं की काही जण बायोसला शिव्या देऊन मोकळे होतात, तर काही जण नेटवर सापडलेले कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) पॅरामीटर एकामागून एक चिकटवत सुटतात. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते दोघांनाही कळत नाही.

सस्पेंड (मशीन झोपवणं) ठरलेल्या पायऱ्यांनी होतो. आधी युजरस्पेसमधल्या (कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रोसेस गोठवल्या जातात, मग एकेक डिव्हाइस झोपवलं जातं, मग फर्मवेअरची (मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरची) तयारी, मग एक सोडून बाकीचे सीपीयू बंद आणि सगळ्यात शेवटी टायमरसारखं उरलेलं सामान. उठताना हाच क्रम उलटा. कुठली पायरी मोडते ते तपासायची सोय कर्नलमध्येच आहे: सिसएफएसच्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइलसिस्टिमच्या) 'पॉवर' डिरेक्टरीतली 'पीएम_टेस्ट' ही फाइल. ती दिसत नसेल, तर कर्नल पीएम डीबगशिवाय (पॉवर मॅनेजमेंट तपासण्याच्या सोयीशिवाय) बांधलेला आहे.

रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन या फाइलीत 'फ्रीझर' लिहा आणि नेहमीसारखं त्याच डिरेक्टरीतल्या 'स्टेट' फाइलीत 'मेम', म्हणजे झोपायचा हुकूम, लिहा. मशीन पहिल्या पायरीपर्यंत जाईल, ५ सेकंद थांबेल आणि परत येईल. मग 'डिव्हायसेस', 'प्लॅटफॉर्म', 'प्रोसेसर्स', 'कोअर' अशा क्रमाने पुढे जा. प्रत्येक पायरी एकदा जमली म्हणून सोडू नका, सलग दहा-बारा वेळा चालवा. काही दोष चार-पाच फेऱ्यांनंतरच तोंड दाखवतात. 'मेम_स्लीप' फाइलीत 'एसटूआयडल' (सीपीयू बंद न करता घेतलेली हलकी झोप) निवडलेलं असेल, तर शेवटच्या दोन पायऱ्या लागू होत नाहीत.

'फ्रीझर'लाच अडलं, तर लॉगमध्ये २० सेकंदांनी हार मानल्याची नोंद आणि अडून बसलेल्या प्रोसेसचं नाव मिळतं. बहुतेकदा ती एनएफएस (नेटवर्कवरची फाइलसिस्टिम) किंवा फ्यूज (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमने चालवलेली फाइलसिस्टिम) माउंटवर वाट पाहत 'डी' (उठवता न येणाऱ्या) अवस्थेत अडकलेली असते. पलीकडचा सर्व्हर गायब झाला आणि इकडे झोप उडाली, इतकंच.

खरी गर्दी 'डिव्हायसेस'वर. 'पॉवर'मधल्याच 'सस्पेंड_स्टॅट्स'मध्ये कोणतं डिव्हाइस, कोणत्या टप्प्यात, कोणत्या एरर नंबराने पडलं ते दिसतं. पण मशीन उठतच नसेल, तर हे वाचणार कसं? त्यासाठी एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या सीपीयूंवर) 'पीएम_ट्रेस' आहे. त्यात १ लिहिलं की कर्नल प्रत्येक डिव्हाइसपाशी पोचताना आपला ठावठिकाणा हॅश करून (छोट्या आकड्यात बदलून) थेट घड्याळाच्या चिपमध्ये, म्हणजे आरटीसीत, लिहून ठेवतो. रीबूटनंतर शाबूत राहील अशी दुसरी जागा साध्या पीसीत जवळपास नसतेच. मशीन लटकलं की पॉवर बटण दाबून बंद करा आणि दोन-तीन मिनिटांच्या आत तोच कर्नल पुन्हा सुरू करा, कारण घड्याळ पुढे सरकलं की नोंदही बिघडते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'हॅश मॅचेस' शोधा. ड्रायव्हरच्या फाइलीचं किंवा डिव्हाइसचं नाव तिथे मिळतं. एकाच हॅशला दोन-तीन डिव्हाइस जुळू शकतात, तेव्हा त्यांचे मॉड्यूल एकेक करून काढून खात्री करा. नंतर तारीख मात्र दुरुस्त करा. ती भलतीच झालेली असते.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी एक नेहमीचा सापळा. इंटरप्टची (डिव्हाइसने सीपीयूला मारलेल्या हाकेची) लाइन दोन डिव्हाइसमध्ये वाटलेली आहे. तुमचं डिव्हाइस झोपलं, दुसऱ्याने इंटरप्ट दिला, तुमचा हँडलर (त्या हाकेला उत्तर देणारं फंक्शन) जागा झाला आणि वीज गेलेल्या हार्डवेअरचा स्टेटस रजिस्टर वाचायला गेला. पीसीआयवर (डिव्हाइस जोडणाऱ्या बसवर) अशा वाचनाचं उत्तर येतं सगळे बिट १. हँडलरला वाटतं की सगळीच कामं एकदम आली, आणि तो फेऱ्यांत अडकतो. त्यामुळे वीज काढण्याचं काम 'नोआयआरक्यू' (इंटरप्ट बंद झाल्यानंतरच्या) टप्प्यात करा किंवा त्याआधी इंटरप्ट सोडून द्या. शिवाय सगळे बिट १ आले तर 'माझं नाही' म्हणून परत फिरा.

एसटूआयडलचं दुखणं वेगळं. मशीन झोपतं, उठतंही, पण सकाळी बॅटरी निम्मी. अलीकडच्या कर्नलमध्ये 'सस्पेंड_स्टॅट्स'मधलं 'लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप' बघा. हार्डवेअर किती मायक्रोसेकंद खरोखर गाढ झोपलं, ते तिथे येतं. रात्रभर झाकण मिटून हा आकडा शून्य असेल, तर एखादं डिव्हाइस, अनेकदा एनव्हीएमई (एसएसडी) किंवा यूएसबी कंट्रोलर, जागरण करतंय.

हायबरनेशनला (मेमरीचं चित्र डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करण्याला) मेमरीची अट असते. चित्र घेताना मेमरीची नक्कल मेमरीतच होते, म्हणून ते निम्म्या रॅमपेक्षा मोठं होऊ शकत नाही. 'इमेज_साइझ'चं मूळ मूल्य रॅमच्या सुमारे २/५ असतं; घोळ होत असेल तर ० लिहून जमेल तितकं लहान करायला सांगा. झेडरॅमवर (रॅममध्येच कॉम्प्रेस करून ठेवलेल्या जागेवर) हे चालत नाही, खरी डिस्क हवी. स्वॅप (मेमरीला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) फाइलीत असेल, तर 'रिझ्यूम' या कर्नल पॅरामीटरसोबत 'रिझ्यूम_ऑफसेट'ही द्यावा लागतो. एक्स्ट४ फाइलसिस्टिमवर 'फाइलफ्रॅग' कमांडच्या पहिल्या ओळीतली फिजिकल सुरुवात हाच तो आकडा. स्वॅप फाइल पुसून नवी केली की तो बदलतो, आणि मग मशीन निमूटपणे नव्याने बूट होतं. सिक्युअर बूटमुळे (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू करण्याच्या सोयीमुळे) कर्नल लॉकडाउनमध्ये (स्वतःत बदल रोखणाऱ्या बंदिस्त अवस्थेत) असेल, तर हायबरनेशन मुळातच नाकारलं जातं.

पूर्ण बंद करण्याआधी 'पॉवर'मधल्याच 'डिस्क' फाइलीत 'टेस्ट_रिझ्यूम' लिहून बघा. चित्र डिस्कवर लिहिलं जातं आणि रीबूट न होता लगेच परत वाचलं जातं. ते जमलं, पण खऱ्या बूटनंतर फसलं, तर संशय ड्रायव्हरच्या 'रिस्टोअर' फंक्शनवर घ्या. मधल्या बूट कर्नलने डिव्हाइस कुठल्याही अवस्थेत सोडलेलं असू शकतं, त्यामुळे तिथे सगळं मुळापासून सुरू करावं लागतं.

आणि चित्र डिस्कवर असताना त्या फाइलसिस्टिमला दुसरीकडून हात लावू नका. एक्स्ट४ 'फक्त वाचण्यासाठी' माउंट केली तरी जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवलं जातं, आणि जुन्या चित्रातल्या कर्नलला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये) रिझ्यूमचा हुक फाइलसिस्टिमच्या आधी हवा, आणि ड्युअल बूटमध्ये दुसऱ्या लिनक्सच्या एफएसटॅबमधून (माउंट करायच्या विभाजनांच्या यादीतून) ते विभाजन काढलेलं हवं.