पेटीवालीचा दिनक्रम

आमच्या शाळेच्या संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांना छापील प्रश्नावली पाठवली आहे: दिनक्रम, आवडीनिवडी, प्रेरणास्थान. मी गात नाही, पेटीवर संगत करते. कार्यक्रम संपला की लोक गायकाच्या पाया पडतात आणि मला विचारतात, "ताई, चहा कुठे ठेवलाय?" तेव्हा माझा दिनक्रम कुणीतरी विचारला याचंच अप्रूप.

पहाटे साडेपाचला उठते. ग्वाल्हेरच्या थंडीत बोटं आखडतात. ती कोमट पाण्यात शेकल्याशिवाय पेटीला हात लावत नाही. आधी बराच वेळ नुसता भाता. एकच सा धरायचा. भाता परतताना सुराला धक्का लागता कामा नये. मग पलटे, म्हणजे सुरांच्या ठरावीक सरावओळी, आणि पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, रोज वेगळी. बायका साधारण काळी चार-पाचला (पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या सुराला सा धरून) गातात, पुरुष काळी एकच्या आसपास, आणि घसा बसला की तोच गायक अर्ध्या सुराने खाली येतो.

पट्ट्या फिरवायची सवय मात्र रियाजाने लागलेली नाही, ती शाळेच्या प्रार्थनेत लागली. माझा आवाज भसाडा, म्हणून संगीताच्या बाईंनी मला सातवीत पेटीवर बसवलं. मी सूर द्यायचे, पोरं आपल्याच सुरात सुरू करायची, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आणखी वर चढलेली असायची. मी तक्रार केली तर बाई म्हणाल्या, "तू जा त्यांच्या मागे. ती पाचशे आहेत, तू एकटी." शास्त्रात हे बसत नाही. पण संगतीचा याहून चांगला धडा मला पुढे कुणी दिला नाही.

गायकांची पथ्यं मला नाहीत. दही, लोणचं, इथल्या महाराज बाड्यावरची कचोरी, सगळं चालतं. फक्त गजक, ही तीळगुळाची खुसखुशीत वडी, पेटीपाशी खायची नाही. तिचा चुरा पट्ट्यांच्या फटीतून आत जातो, रीडच्या, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी पट्टीच्या, जिभेखाली कण अडकतो आणि ऐन मैफलीत गंधार मुका होतो. मग झाकण उघडा, पातळ कागदाचा तुकडा जिभेखालून अलगद ओढा, फुंकर मारा. फुंकर कोरडी हवी. थुंकीचा थेंब उडाला तर पितळ खराब होतं.

ऐकण्यात माझी आवड उघड ग्वाल्हेर घराण्याची आहे. कृष्णराव शंकर पंडितांचे उड्या घेणाऱ्या तानांचे टप्पे, तराणे. विलंबित असावं, पण ते चाललेलं कळावं. अर्धा तास सा आणि ध मध्येच घुटमळणारं गाणं मला सोसत नाही. टप्प्याच्या संगतीत मात्र अजून घाम फुटतो. तान कुठून उडी घेईल याचा नेम नसतो.

पेटीला नावं ठेवणारे पुष्कळ. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर तिला बंदी होती. आक्षेप खोटा नव्हता: मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पेटीवर निघत नाही, निघाल्याचा भास करावा लागतो. पण ठुमरीच्या संगतीत पेटीला मान मिळवून देणारे भैया गणपतराव याच ग्वाल्हेरचे, जयाजीराव शिंद्यांचे पुत्र. हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही, याची चुटपुट आहे.

राहिलं प्रेरणास्थान. दर वर्षी तानसेन समारोहाच्या सकाळी ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनच्या समाधीपाशी सनई होते, कीर्तनकार ढोलीबुवांची हरिकथा होते, मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) होतो. रात्रीच्या सभा एक वेळ चुकवीन, ही सकाळ नाही. कीर्तनकार बोलता बोलता एकदम पद उचलतात, सूर मागायला थांबत नाहीत. पेटीवाल्याने त्यांच्या बोलण्यातलाच सूर हेरून ठेवायचा असतो. ती युक्ती मी उचलली. कार्यक्रमाआधी गायक आत कुणाशी बोलतोय, खाकरतोय, चहा मागतोय, तिकडे माझा कान असतो. आवाज जड वाटला की एक पट्टी खालची बोटं मनात फिरवून ठेवते. गायक तंबोऱ्यांचा सूर उतरवायला सांगतो तेव्हा तबलजी हातोडी शोधत असतो. मी तयार असते.