झडका मोर आणि पाठमोरा फ्लेक्स

प्राण्याआडून माणसावर टीका करायची म्हटलं की बरेच जण माकडाच्या हातात मोबाइल देतात. ते व्यंगचित्र झालं, तेही बेताचं. वॉल्टन फोर्ड (जन्म १९६०) हा अमेरिकन चित्रकार प्राण्याला प्राणीच ठेवतो. जलरंग, गवाश (अपारदर्शक जलरंग) आणि शाईत, जुन्या पक्षीचित्रांच्या तक्त्यांसारखा, पण अवाढव्य कागदावर. त्याच्या ‘फॉलिंग बाऊ’ (२००२) चित्रात प्रवासी कबुतरांनी लगडलेली फांदी कोसळते आहे. या जातीचं शेवटचं कबूतर १ सप्टेंबर १९१४ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. एवढं ठाऊक असलं की बाकीचं फांदीच सांगते.

पुण्यात हे करायचं तर मोर घ्या. वेताळ टेकडीवर आहेतच. पिसारा पावसाळा सरताना झडतो, म्हणजे नेमका चौकाचौकांत शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात तेव्हा. झडका मोर फ्लेक्सच्या बांबूवर बसवा. फ्लेक्स पाठमोरा ठेवा. चेहरा, मजकूर काही नको, सुतळीच्या गाठी पुरेत. इथे एक चूक हमखास होते: पिसारा गेला म्हणून मोर बुडाशी तोडून टाकतात. पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. त्याला खालून आधार देणारी २० तपकिरी पिसं ही खरी शेपूट, आणि ती दिसलीच पाहिजे. सगळा टोमणा तिथेच आहे.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाडीचा, कॉटनचा, २२ बाय ३० इंची. दहा मिनिटं भिजवून प्लायवर आडवा ठेवा आणि चारी कडा २ इंची गमटेपने (पाणी लावून चिकटणारी कागदी टेप) चिकटवा. मास्किंग टेप ओल्यावर धरत नाही. भाद्रपदातल्या हवेत वाळायला दिवस जातो. घाईने ड्रायर मारला तर कागद असमान आकसतो, मग टेप सुटते नाहीतर कागद फाटतो. हातकागद वापरणार असाल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. लगेच मुरला तर रंगही फुटणार. लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम जिलेटिन विरघळवून दोन्ही बाजूंना हात द्या.

मानेला आधी थॅलो ग्रीन या गडद हिरव्या जलरंगाचा पातळ वॉश (पाणीदार थर) द्या. पूर्ण वाळल्यावर त्याच जातीच्या निळ्या थॅलो ब्लूने एकेक खवला, प्रत्येकाची वरची कड कोरी सोडून. चकाकी त्या कडेतून येते, सोनेरी रंगातून नाही. थॅलो कागदात डाग धरतो, पुसून निघत नाही, म्हणून कोरी जागा आधीच पेन्सिलीने आखा. गवाश अगदी शेवटी आणि एकाच फटकाऱ्यात. घोळवलात तर खालचा रंग उठून चिखल होतो.

जुनाटपणासाठी चहा नको. तो फिका पडतो, बुरशी ओढवतो आणि साखरेचा असेल तर मुंग्याही येतात. पातळ रॉ अंबरमध्ये (मातकट तपकिरी) यलो ऑकरचा (मातकट पिवळा) थेंब घालून कडेकडेने शिंपडा.