वन्संची बाजू

रविवार, दादर

सकाळपासून पाऊस कोसळतोय. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ पुन्हा काढलं. पुस्तक १९१० चं, म्हणजे त्यांचे पती न्यायमूर्ती माधवराव रानडे गेल्यावर नऊ वर्षांनी आलेलं. पानोपानी तेच. बाईंना स्वतःविषयी सांगायचं असलं तरी नवऱ्याच्या आडून सांगायचं. मला मात्र न्यायमूर्तींपेक्षा त्यांच्या माजघरात जास्त रस.

१८७३ मध्ये माधवरावांची पहिली बायको वारली. सुधारक म्हणून त्यांनी विधवेशी लग्न करावं अशी मंडळींची अपेक्षा. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याच वर्षी अकरा वर्षांची रमा घरात आली. त्याच घरात त्यांची विधवा बहीण दुर्गाबाई, रमाबाईंच्या वन्सं. वहिनीच्या हातात पाटी, आणि नणंदेला धार्मिक वळणातच आयुष्य काढायचं. टोमणे आले नसते तरच नवल! मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी रमाबाईंनी गव्हर्नरांपुढे इंग्रजी भाषण वाचलं, तेव्हा तर घरातल्या बायकांनी त्यांना सळो की पळो केलं. न्यायमूर्तींचा सल्ला काय, तर सोसायचं, उलट बोलायचं नाही. (हे त्यांनी बहिणीलाही सांगितलं असेल का?)

दुपारी सासूबाईंना तो भाग वाचून दाखवला. वाटलं, हळहळतील. तर म्हणाल्या, “एवढ्या मोठ्या घराचा रगाडा कोण ओढत होतं, ते लिहिलंय का कुठे?” मी गप्प. प्रश्न बिनतोड होता.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती हायकोर्टात आले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. इथे रमाबाईंनी बायकांसाठी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला. माजघरातून सभेपर्यंतचा हा प्रवास थोर आहेच. पण शिकलेल्या बाईची बाजू छापून आली, न शिकलेल्या बाईची मात्र शिकलेलीच्याच पुस्तकात, शिकलेलीच्याच शब्दांत उरली. रमाबाई तिथे फार कडू होत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तरी साक्ष एकाच पक्षाची.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढायची आहेत. त्यांच्या नवऱ्याचा, नारायणरावांचा, बाप्तिस्मा १८९५ मध्ये इथे मुंबईतच झाला, आणि बाई तो सगळा कल्लोळ हसत-रडत सांगतात, नवऱ्यालाही सोडत नाहीत. सासूबाईंना ते पटेल.