स्नॅपशॉट रोटेशन, तिसरा प्रयत्न (आता जमलंय)

स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) त्या क्षणाची जपून ठेवलेली स्टेट, आणि रोटेशन म्हणजे नवा घेत जुने काढत राहणं. मागच्या वेळचं आधी सांगतो. प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम सांभाळायची सिस्टीम) यायच्या आधी मी नुसतं क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) वापरायचो आणि त्याच्या मॉनिटरमधे, म्हणजे कमांड द्यायच्या जागी, सेव्हव्हीएम ही स्नॅपशॉटची कमांड मारताना नाव कायम 'क्लीन'. तिथे त्याच नावाचा स्नॅपशॉट आधीच असेल तर तो न विचारता बदलला जातो, त्यामुळे पोस्टग्रेस या डेटाबेसचं अपग्रेड बिघडल्यावर सवयीने परत 'क्लीन' मारलं आणि चांगली स्टेट गेली ती गेलीच.

प्रॉक्समॉक्समधे हे होत नाही, तेच नाव दिलं की एरर येते, आणि मला हेच बरोबर वाटतं. पण रोज रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं टूल) तेच नाव चालवायचं म्हणून मी स्क्रिप्टमधे आधी जुना डिलीट, मग नवा असं केलं होतं. दोन आठवडे मस्त चाललं. मग त्या व्हीएमला डिरेक्टरी स्टोरेजवरची (साध्या फोल्डरमधली) एक रॉ फॉरमॅटची डिस्क जोडली, तिचा स्नॅपशॉट घेता येत नाही, म्हणजे जुना उडाला आणि नवा बनलाच नाही. सकाळी लिस्ट बघतो तर रिकामी!

म्हणून आता क्रम उलटा केलाय. आधी नवा घ्यायचा, कमांड शून्य एक्झिट कोडने, म्हणजे एरर न येता, संपली तरच जुन्यांना हात लावायचा, आणि शेवटचे ५ ठेवायचे. थोडा वेळ एक स्नॅपशॉट जास्तीचा राहतो, राहू दे.

नावांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. तारीख पुढे टाकून बघितली तर चालेना, कारण नाव अक्षरानेच सुरू व्हावं लागतं, स्पेस नाही, कोलन नाही, ४० अक्षरांची मर्यादा. आता 'ऑटो', अंडरस्कोअर, मग वर्ष महिना दिवस, परत अंडरस्कोअर, मग २४ तासांची वेळ, सगळं दोन आकडी, म्हणजे साधं सॉर्ट केलं तरी जुना वर नवा खाली. हाताने घेतलेल्यांना 'हात' हा प्रीफिक्स, आणि स्क्रिप्ट फक्त 'ऑटो'वालेच डिलीट करते. कशासाठी घेतला ते डिस्क्रिप्शनमधे, नावात कोंबायचं नाही.

झेडएफएस (एक फाइल सिस्टीम) वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे रोलबॅक, म्हणजे जुन्या स्टेटवर परत जाणं, फक्त सगळ्यात ताज्या स्नॅपशॉटवर होतो, त्यामुळे अपग्रेडच्या आधी 'हात' घेतला आणि रात्री 'ऑटो' येऊन बसला की आधी तो काढावा लागतो. मी एलव्हीएम थिन या दुसऱ्या प्रकारच्या स्टोरेजवर आहे, इथे ती अडचण नाही, फक्त पूल (डिस्कच्या जागेचा सामायिक साठा) किती भरलाय त्यावर लक्ष ठेवावं लागतं. झेडएफएसवरची ती अडचण टळावी म्हणून आता 'हात' ताजा असेल तर त्या रात्रीचा 'ऑटो' आपोआप वगळायचा, हे स्क्रिप्टमधे घालतोय.