शिजवल्यावर उडून जाते ना?

गोडात घातलेली बर्बन शिजवल्यावर उडून जाते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात राहते, लुइव्हिलला. बर्बन म्हणजे इथली मक्याची व्हिस्की. इथे येऊन अठरा वर्षं झाली. घरी मराठी पाहुणे जेवायला आले, शेवटी ब्रेड पुडिंगच्या वाट्या फिरल्या, की कुणीतरी चमचा तोंडाजवळ नेऊन थांबतंच. "यात बर्बन आहे ना गं? पण शिजवल्यावर उडून जाते ना?"

नाही, सगळी जात नाही. किती उरते ते पुढे सांगतेच. पण आधी मामांची गोष्ट सांगायला हवी, कारण हे उत्तर मी त्यांच्यामुळे शिकले.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. माळकरी, आषाढीची वारी कधी न चुकवणारे. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये ते आमच्याकडे आले होते. मी हौसेने इथलं पुडिंग केलं. मुलगा पटकन बोलून गेला, "आजोबा, यात आईनं बर्बन घातलीय." मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मामा, शिजवल्यावर उडून जाते सगळी." त्यांनी मान डोलावली, वाटी संपवली आणि वर थोडं मागूनही घेतलं. मी खोटं बोलत नव्हते, मला तसंच वाटत होतं. सगळेच तसं सांगतात.

दोनेक वर्षांनी अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक तक्ता माझ्या बघण्यात आला. पदार्थ शिजवल्यावर त्यातलं अल्कोहोल किती टिकतं, याचे आकडे होते. पंधरा मिनिटं मंद शिजवलं तर 40 टक्के उरतं, अर्ध्या तासाने 35, तासाने 25. अडीच तास शिजवलं तरी 5 टक्के असतंच. पेटवून दाखवतात ना, निळी ज्योत भपकन वर जाते आणि सगळे टाळ्या वाजवतात, त्यात 75 टक्के जागच्या जागी राहतं. आणि उकळत्या पातेल्यात ओतून लगेच गॅस बंद केला तर 85.

हा शेवटचा आकडा वाचला आणि माझ्या पोटात कालवलं. पुडिंगवर ओतायचा बर्बन सॉस मी असाच करते. लोणी, ब्राउन शुगर आणि क्रीम रटरट उकळायचं, पातेलं खाली उतरवायचं, मग बर्बन घालायची. आधी घातली तर वास मरतो, म्हणून शेवटी.

गैरसमज कुठून येतो ते कळतं. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. त्यामुळे वाटतं, की 78 ओलांडले की अल्कोहोल आधी निघून जाईल आणि पाणी मागे राहील. पण एकदा पाण्यात मिसळलं की ते सुटं राहत नाही. दोघांची वाफ बरोबरच निघते. सुरुवातीला अल्कोहोल भराभर जातं, पण जितकं कमी उरेल तितकं ते बाहेर काढणं अवघड. पसरट कढईत जास्त उडतं, उभट पातेल्यात कमी. पुडिंगसारख्या दाट गोळ्यात तर वाफेला वाटच मिळत नाही.

मी मामांना फोन केला. म्हटलं, "मामा, त्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्यात दारू उरली होती." ते थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, "किती?" मी हिशेब करूनच बसले होते. सॉसमध्ये 60 मिली बर्बन, 45 टक्क्यांची, म्हणजे 27 मिली अल्कोहोल. त्यातलं 85 टक्के उरलं, म्हणजे 23 मिली. आठ वाट्या, दर वाटीला जेमतेम 3 मिली. अमेरिकेत ज्याला एक ड्रिंक धरतात त्यात सुमारे 18 मिली असतं, म्हणजे त्याचा सहावा भाग. पुडिंगमध्ये घातलेलं थोडं यात धरलेलं नाही. मामा म्हणाले, "बरं. सांगितलंस ते चांगलं केलंस." मग नेहमीसारखं विचारलं, "तिकडे किती वाजले? जेवलीस का?"

एवढ्याने कुणाला चढत नाही, हे मलाही कळतं. पण माळ घातलेल्या माणसाचा प्रश्न चढण्याचा नसतोच. दारू सोडून चार वर्षं झालेल्या माझ्या मैत्रिणीचाही नसतो, आणि पोटुशी असलेल्या मुलीचाही नसतो. खायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. मी फक्त खरं सांगायचं.

गंमत म्हणजे ग्लासाबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही. ओल्ड फॅशन्ड नावाच्या कॉकटेलमध्ये साखर, बिटर्सचे, म्हणजे कडू अर्काचे, दोनतीन थेंब, संत्र्याची साल आणि बर्बन, हे समोर दिसतं. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे डर्बीची, म्हणजे घोड्यांची, शर्यत असते. तेव्हा मिंट जुलेप हे बर्बनचं पेय घराघरांत होतं. धातूचा पेला, बर्फाचा चुरा, बाहेरून दव धरलेलं, वर पुदिन्याचा झुपका. त्यात काय आहे ते नाकालाच कळतं. लपते ती गोडात. केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या बर्बन बॉल्सचंच बघा. रूथ आणि रिबेका या दोन शिक्षिकांनी 1919 मध्ये तिथे मिठाईचं दुकान काढलं, आणि 1938 पासून रूथबाईंच्या हातच्या या गोळ्या प्रसिद्ध झाल्या. बाहेरून साधं चॉकलेट, वर एक पिकान, अक्रोडासारखं दिसणारं. आत बर्बन घातलेलं साखरेचं सारण, आणि ते शिजवण्याचा प्रश्नच नाही. इथून भारतात जाताना लोक ती खोकी भेट म्हणून नेतात. नेताना तेवढं सांगत जा.

मग ही बर्बन गोडात घालायचीच कशाला? कारण तो वास दुसऱ्या कशाला येत नाही. कायद्याने बर्बनमध्ये निदान 51 टक्के मका लागतो, आणि ती ओकच्या कोऱ्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात मुरवावी लागते. वरून रंग नाही, स्वाद नाही. आगीने लाकडातली साखर करपते, लाकडातूनच व्हॅनिलाचा वास सुटतो, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात दारू त्या लाकडात आत-बाहेर करत राहते. बार्ड्सटाउनच्या एका रिकहाउसमध्ये, म्हणजे पिंपांच्या गोदामात, मी पहिल्यांदा शिरले तो जुलै होता. अंधार, ओळीने रचलेली पिंपं, आणि वास असा, की मला एकदम कोल्हापूरकडचं आमचं गुऱ्हाळ आठवलं. काहिलीतली काकवी तयार होत आली की जसा येतो, अगदी तसा. मी तिथे बराच वेळ उभी होते.

तोच धागा धरून मी दुसरा सॉस केला, बर्बनशिवायचा. केंटकीत शरद ऋतूत गोड ज्वारीच्या ताटांचा रस काढतात आणि उघड्या कढयांत आटवतात. इथे त्याला नुसतं सॉरगम म्हणतात. आपल्या भाषेत ज्वारीची काकवीच ती! 100 ग्रॅम लोणी मंद आचेवर बदामी रंगावर येऊ द्यायचं, त्यात अर्धी वाटी ही काकवी, चिमूटभर मीठ, जरासं जायफळ आणि जळक्या लाकडाचा कडवटपणा यावा म्हणून चमचाभर कडक कोरी कॉफी. खाली उतरवून निवलं की मग अर्धी वाटी क्रीम. आणि व्हॅनिला घालायचा तर शेंग चिरून आतले दाणे घाला. अमेरिकेत बाटलीतल्या अर्कात नियमानेच 35 टक्के तरी अल्कोहोल असतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता टेबलावर दोन भांडी असतात, निळ्यात बर्बनचा सॉस, पांढऱ्यात ज्वारीचा. पुडिंगमध्ये मी काहीच घालत नाही. मनुकाही संत्र्याच्या रसात भिजवते. वाटी हातात देण्याआधीच सांगते, निळं कुठलं, पांढरं कुठलं. मामा पुन्हा आले तेव्हा पांढरं भांडं त्यांनी आपल्याकडेच ओढून घेतलं होतं.

तुम्हीही करणार असाल तर दोन्ही भांड्यांत चमचे वेगवेगळे ठेवा.